न घेतलेलं कर्ज

१

मी पेट्रोल पंपावरच्या स्वयंपाकघरात बिस्किटं करते. आमच्याकडची, लोण्याची, मऊसूत, मध्ये सॉसेज घालून द्यायची. कारखान्याची पहिली पाळी सुरू व्हायच्या आत लोकांना ती गरम लागतात, म्हणून मी अंधारात घर सोडते आणि दुपारच्या आत मोकळी होते. घरी परतले की दार उघडण्याआधीच दोन आवाज कानावर यायचे. एक टीव्हीवरच्या वस्तूंच्या किमती ओळखायच्या खेळाचा. दुसरा डॅडींचा.

"अरे गाढवा, इस्त्रीला कुणी एवढे देतं का!"

डॅडींचं नाव हॉलिस स्टाइल्स. उभा जन्म मोज्यांच्या गिरणीत गेला आणि गिरणी गेली तेव्हा तिचं सूत त्यांच्या छातीत राहिलं. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना श्वासासाठी थांबावं लागायचं, पण ती दोन वाक्यं ते सोडायचे नाहीत. आई गेल्यावर मी नवऱ्याचं घर सोडून त्यांच्याकडे आले. नवरा सोडायला निमित्तच हवं होतं, असं ते सगळ्यांना सांगायचे.

घर गिरणीनेच बांधलेलं. मधला पॅसेज काटकोनात वळतो आणि वळणापलीकडे जमिनीत गॅसचा हीटर बसवलेला आहे, वर लोखंडी जाळी. साऱ्या घराची ऊब त्या एका जाळीतून येते. डिसेंबरात, नळ फुटावेत अशी थंडी पडली त्या आठवड्यात, तो हीटर बंद पडला.

दुरुस्ती करणारा लव्हेल म्हणाला, बदलायचा भाग महाग आहे, पैसे हातात आले की बोलव. बँकेने नाही म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या छातीला एक गारठलेली रात्र पुरे आहे. तेव्हा मी पंपाच्या कोठारात, मैद्याच्या पोत्याला टेकून, फोनवर कर्ज घेतलं. नाव, पगाराचा दिवस, बँकेचा खाते क्रमांक. शेवटी अंगठा टेकवला. हाताचं पीठ पुसायच्या आत पैसे खात्यात आले.

लव्हेल त्याच दुपारी आला. जाळी उघडून बराच वेळ आत तोंड घालून शिव्या देत बसला. संध्याकाळी डॅडी जाळीवर दोन्ही हात धरून उभे होते, आणि त्यांच्या नखांचा निळेपणा गेला होता. त्या थंडीत आमच्या भागातली काही म्हातारी माणसं घरातच गारठून गेली. डॅडी राहिले.

२

मग दर पगाराला कंपनी खात्यातून पैसे काढू लागली. मुद्दल होतं तिथेच. घेतलं त्याहून जास्त देऊन झालं तरी मुद्दल होतं तिथेच. शेजारची आर्लीन आमच्याच चर्चमधली. तिने मला ओढूनच डेस्मंड येट्सकडे नेलं. गरिबांची कामं फुकट करणाऱ्या कचेरीतला वकील. तरुण, कोट खांद्यावर सैल, टेबलावर शेंगांची टरफलं.

"मिस कोरीन, कंपनी कुठली?"

"फोनमधली."

तो हसला. "खरं आहे. ती कुठेच नसते. आज या बेटावर, उद्या त्या. म्हणते आम्हाला आमच्या जागेचा कायदा. पण मला सांगा, कर्ज घेताना तुम्ही कुठे उभ्या होतात?"

"पंपाच्या कोठारात."

"म्हणजे जॉर्जियात. मग कायदा जॉर्जियाचा. आणि आपल्या राज्यात असलं कर्ज देणं हा गुन्हा आहे."

"मग आता ते रद्द होईल?"

"रद्द नाही." त्याने बोट वर केलं. या वाक्यावर त्याचं प्रेम असावं. "रद्द व्हायला ते आधी असावं लागतं. कायद्याच्या लेखी हे कर्ज मुळातच नव्हतं. कुणी दिलं नाही, तुम्ही घेतलं नाही."

त्याने कंपनीला खडसावलं आणि कंपनी चक्क नमली. काढलेले सगळे पैसे परत आले. त्या दिवशी मी मासे तळले. डॅडींनी डॉक्टरांनी मना केलेलं मीठ भुरभुरवलं.

"म्हणजे तू कर्ज घेतलंच नाहीस?"

"नाही."

"मग माझा हीटर कुणी दुरुस्त केला? पऱ्यांनी?"

आम्ही हसलो. ते हसताना खोकले आणि मी त्यांची पाठ चोळली. शर्टाखाली पाठ गार लागली. खिडकीजवळ बसले होते, म्हणून असेल.

३

मार्चमध्ये लव्हेल बिस्किट घ्यायला पंपावर आला. पैसे देताना म्हणाला, "कोरीन, खरं सांग, रागवायचा नाही मी. दुसऱ्या कुणाला बोलावलंस ना?"

"कशाला?"

"हीटरला. पैसे झाले की बोलावते म्हणालीस, आणि मग तुझा पत्ताच नाही."

मी हसले. तो हसला नाही. मी म्हटलं, तू आलास, जाळीत तोंड घालून शिव्या दिल्यास, मी तुला कॉफी दिली. तो माझ्याकडे, आपण गोंधळलेल्या माणसाकडे पाहतो तसा पाहत राहिला. मग मला बाहेर नेऊन त्याने गाडीची मागची पेटी उघडली. दोऱ्या, पाइप, आणि तळाशी खोक्यात तो भाग. खोक्याची चिकटपट्टी तशीच.

"तुझ्यासाठीच आणून ठेवलाय तेव्हापासून. म्हटलं, फोन करील. आणि मग तुझ्या डॅडींचं..." तो थांबला. मान खाजवली.

"डॅडींचं काय?"

"काही नाही. काहीतरी बोलणार होतो बघ. गेलं डोक्यातून."

लव्हेलला पूर्वी दारूचं व्यसन होतं. पुन्हा लागलं असेल, असं मी गाडी चालवत घरापर्यंत स्वतःला सांगितलं.

घरात टीव्ही चालू होता. डॅडी खुर्चीत डुलक्या घेत होते. मी पॅसेजचं वळण ओलांडून जाळीपाशी गुडघे टेकले आणि कान लावला. आत सूं सूं चालू होती. लोखंड तापताना टकटक वाजतं, तसं वाजत होतं. मग मी टॉर्च मारला.

ज्योत नव्हती. बर्नरवर कोळ्याचं जाळं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे एक धागा तुटलेला नाही. त्यावर धूळ बसली होती. सूं सूं चालूच होती. मी जाळीवर तळवा ठेवला, आणि गोठलेल्या लोखंडाला ओला हात चिकटतो तसा तो चिकटला.

"काय शोधतेस, पोरी?" डॅडी माझ्या मागे उभे होते. त्यांची पावलं मला ऐकू आली नव्हती. "आधी ते दार लाव. वारा येतोय."

घरातली सगळी दारं बंद होती.

४

मी काही भोळसट बाई नाही. कंपनीकडून परत आलेले पैसे होतेच. मी लव्हेलला बोलावून तो भाग बसवून घेतला आणि या खेपेला ज्योत पेटलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. घर इतकं तापलं की भिंतीच्या जुन्या रंगाला वास सुटला. मी बाह्या वर करून वावरत होते.

घर तापलं. डॅडी नाही. दोन स्वेटर आणि आईची गोधडी घेऊन ते खुर्चीत बसले होते. बोटं हातात घेतली तर नळासारखी गार.

दवाखान्यात नेलं. नर्सने ताप पाहिला, यंत्र हलवून पुन्हा पाहिला, दुसरं यंत्र आणायला गेली आणि आलीच नाही. आम्ही बसून राहिलो. आमच्यानंतर आलेले आत जाऊन बाहेर पडले. मी नोंदणीच्या खिडकीशी विचारलं तर मुलगी म्हणाली, "स्टाइल्स? हॉलिस? आज असं कुणी आलेलं नाही." मी मागे बोट दाखवलं. तिने तिकडे पाहिलं, आणि तिची नजर डॅडींवरून अशी सरकली, जशी आपली रिकाम्या खुर्चीवरून सरकते. मग ती दचकली. "सॉरी हं, सर. तुम्ही दिसलाच नाहीत." पण तोवर डॅडी घरी चल म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी आर्लीन मक्याच्या पुडिंगचं भांडं घेऊन आली. दारातच उभी राहून म्हणाली, "अगं, बरं वाटलं तुला पुन्हा हिंडताफिरताना बघून. एकटं घर खायला उठतं, मला ठाऊक आहे. हॉलिस असता तर..."

तिचं तिलाच काही कळेना. तिने कपाळाला हात लावला.

"काय बोलले गं मी?"

"आर्लीन," आतून डॅडी ओरडले, "पुडिंगात या वेळी साखर घातलीस की नाही?"

तिच्या हातातलं भांडं माझ्या हातात आलं, कसं ते मला आठवत नाही. ती अंगणातून जवळजवळ पळत गेली. चर्चमध्ये त्यानंतर ती माझ्या शेजारी बसली नाही. नाराज नव्हती. घाबरलेली होती, आणि कशाला, हे तिला सांगता आलं नसतं.

मला मात्र एव्हाना कळलं होतं. कळलं म्हणजे, भाजी चिरताना बोट कापलं हे दुखण्याआधी कळतं, तसं.

५

मी कंपनीला फोन केला. बाईचा आवाज होता, गोड, न थकणारा.

"मला माझं कर्ज फेडायचंय."

"नाव सांगता, मॅडम?" जरा वेळ गेला. "या नावावर काहीच नाही."

"डिसेंबरात घेतलं होतं. मी जपून ठेवलेत पैसे. व्याजासकट देते."

"कशाचे घेऊ, मॅडम? ते कर्ज नव्हतंच. तुमच्या राज्याचं म्हणणं तेच, आता आमचंही तेच."

"मी ते घेतलं होतं. कोठारात उभी राहून घेतलं होतं!"

"नाही, मॅडम." आवाज तसाच गोड. "नव्हतं घेतलं तुम्ही. काळजी घ्या हं. तिकडे फार थंडी आहे म्हणतात."

बाहेर डॉगवूडच्या झाडांना वसंताची फुलं आली होती.

मग मी येट्सकडे गेले. म्हटलं, तुम्ही केलंत ते उलटं करा. बिचारा चष्मा पुसत बसला.

"मिस कोरीन, माझ्याकडे रोज लोक रडत येतात की कर्जातून सोडवा. कर्जात परत ढकला म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"त्या पैशांनी डॅडी वाचले. ते पैसे नव्हतेच म्हटल्यावर हीटर दुरुस्त झालाच नाही. आणि मग डॅडी..."

त्याने टेबलावरून पाण्याचा ग्लास पुढे केला.

"कायदा कागदांना लागतो," तो हळूच म्हणाला. "माणसं, हीटर, डिसेंबर, यांना तो हात लावू शकत नाही. तुम्ही किती दिवस झोपला नाहीत?"

चांगला माणूस. त्याचं चुकलं काहीच नव्हतं. त्याने माझ्यासारख्या किती बायकांना फासातून सोडवलं होतं, आणि मलाही सोडवलं होतं. मी त्याचे आभार मानून उठले.

६

आमच्या घरामागचा डोंगर चढून उतरलं की अलाबामा. तिथे घड्याळ एक तास मागे असतं आणि कायदा वेगळा. पगारावर कर्ज देणारी दुकानं तिकडे उघड्यावर आहेत, केस कापायच्या दुकानाशेजारी, पिवळ्या पाट्या लावून. तिथलं कर्ज कायद्याचं. ते कुणी पुसू शकत नाही.

याला बुद्धी म्हणत नाहीत, मला ठाऊक आहे. आज घेतलेले पैसे गेल्या डिसेंबरात कसे पोचणार? पण बुडणारा माणूस दोर कुठल्या दुकानातला, असं विचारत नाही.

खिडकीत जोनेल नावाची जाडजूड, हसरी बाई होती. "कशासाठी हवेत गं, राणी?"

"गेल्या डिसेंबरसाठी."

ती खो खो हसली. "अगं, इथे सगळे मागच्याच महिन्यासाठी घेतात! पुढच्यासाठी घेणारा अजून कुणी बघितला नाही मी." आणि तिने नोटा मोजून सरकवल्या.

मी घरी आले तेव्हा डॅडी अंगणात होते. स्वेटर काढून पायरीवर टाकलेला, कपाळावर घाम. "कुठे उंडारत होतीस? टोमॅटो लावायला उशीर होतोय." मी त्यांचे हात धरले. उबदार होते. समोरून जाताना टपालवाल्याने हाक मारली, "काय हॉलिस, जिवंत आहेस का?" आणि डॅडी म्हणाले, "तुझं टपाल वेळेवर येईपर्यंत मरत नाही."

त्या पायरीवर बसून मी जितकी रडले तितकी आईच्या वेळीही रडले नव्हते.

मग तेच सुरू झालं. पगार झाला की डोंगरापलीकडे, जुनं फेडायचं, नवं घ्यायचं. वरची फी निघता निघता आईचं शिवणयंत्र गेलं, बंदूक गेली, शेवटी माझी अंगठी. अंगठीचं दुःख नव्हतं. एकच अडचण होती. जोनेलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लागोपाठ दोन घेतलीस की मध्ये थांबावं लागतं, दुकान पुन्हा उघडेल त्या दिवसापर्यंत. इथला कायदाच आहे. डोकं थंड व्हायला वेळ देतात माणसाला."

कर्ज नसलेल्या त्या मधल्या रात्री मी डॅडींवर सगळ्या गोधड्या घालायचे आणि खोलीबाहेर उभी राहायचे. आत जायची हिंमत नसायची. दिवस उजाडताच गाडी काढायचे.

७

सप्टेंबरात, आमच्याकडचा कामगार दिन येतो तेव्हा, मध्ये थांबायची पाळी शुक्रवारी आली. जोनेल पाटी फिरवत म्हणाली, "आता मंगळवारी ये गं. सोमवारी कामगार दिनाची सुट्टी. मी चालले समुद्रावर."

शनिवारी डॅडी बोलले नाहीत. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं, झाडांवर किडे करवतीसारखे वाजत होते, आणि डॅडी कोट घालून टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता. त्यांच्या खुर्चीजवळ गेले की माझ्या तोंडातून वाफ निघायची. त्यांच्या तोंडातून निघत नव्हती.

रविवारी ते म्हणाले, "कोरी, बस जरा."

मी बसले.

"तू डोंगरापलीकडे जातेस ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू गेलीस की इथे डिसेंबर असतो." ते थांबले. पूर्वी श्वासासाठी थांबत, तेवढंच. पण श्वास घेतला नाही. "गाडीचा आवाज वळणाआड गेला, की मी त्या जाळीवर असतो. खाली काही पेटलेलं नसतं. तू येशील म्हणून वाट बघतो. येतेस तू. मग बरं असतं. मग पुन्हा जातेस."

"मी तुमच्यासाठीच जाते, डॅडी."

"ठाऊक आहे. म्हणून तर इतके दिवस बोललो नाही." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जीन्सच्या जाड कापडातूनही चटका बसावा इतका गार. "अजून किती वेळा गं, पोरी?"

सोमवारी सकाळी मी न्याहारी घेऊन गेले तर खुर्ची रिकामी होती. गोधडीही नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर आतून हिमाची नक्षी धरली होती आणि तिच्यापलीकडे उन्हात शेजाऱ्यांची पोरं अंगावर पाइपने पाणी उडवत किंचाळत होती.

पॅसेजमध्ये अंधार होता. वळणाशी, जमिनीलगत, भिंतीच्या कोपऱ्याआडून दोन पाय बाहेर आले होते. डॅडींचे राखाडी मोजे, त्यांच्याच गिरणीतले. एक टाचेखाली निघालेला. टाच दिसत होती. तिचा रंग मी सांगणार नाही.

मी तिथेच थांबले. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते मला दिसत नव्हतं, आणि मी अजून एक पाऊल टाकलं नाही तर ते कधी दिसणारही नव्हतं. गाडीची किल्ली खिशात होती. जोनेलचं दुकान बंद, पण डोंगराखाली दुसरी दुकानं होती. सुट्टीच्या दिवशीही उघडी असतील एखाद-दोन. तिथे माझं नाव नवं. अर्ध्या तासात पोचले असते. दुपारपर्यंत ते पाय उठून अंगणात आले असते, टोमॅटोला पाणी घालायला.

आणि त्या अर्ध्या तासात?

मी दारापर्यंत गेले. दाराच्या कडीला हात लावला. मागून आवाज नव्हता, हाक नव्हती. त्यांनी मला कधीच थांबवलं नसतं.

८

मंगळवारी मी अलाबामाला गेले नाही, नंतरही नाही.

आर्लीन सांगते की डॅडी डिसेंबरात गेले. ती म्हणते, तू पंपावरून आलीस आणि आधी मलाच हाक मारलीस, मीच अँब्युलन्स बोलावली, पुरताना जमीन इतकी कडक होती की खणणाऱ्यांनी जादा पैसे मागितले. थडग्याच्या दगडावरही डिसेंबरच कोरलाय. लव्हेल अजून नजरेला नजर देत नाही. त्याला वाटतं, पैशांसाठी आपण थांबायला नको होतं. मी त्याला रोज एक बिस्किट फुकट देते. येट्सला आभाराचा फोन केला तर त्याने नम्रपणे नाव पुन्हा विचारलं. कुठलं प्रकरण, म्हणाला. मी म्हटलं, चुकून लागला.

आर्लीन पुन्हा माझ्या शेजारी बसते. सगळं सुरळीत आहे. हिवाळा सरताना डॅडींबरोबर मासे खाल्ले, उन्हाळ्यात त्यांनी टोमॅटोवरून माझ्याशी भांडण केलं, हे फक्त मला ठाऊक आहे. मी कुणाशी वाद घालत नाही.

पण त्या सोमवारी मी दाराची कडी सोडली, एवढं खरं. खुंटीवरचा लोकरी कोट घातला आणि पॅसेजमध्ये परत गेले. डोळे भिंतीवर ठेवले, वरती, आईने लावलेल्या फुलांच्या कागदावर, आणि वळण ओलांडलं. तोंडाकडे पाहिलं नाही. आजही कुणी विचारलं तर शपथेवर सांगेन की पाहिलं नाही. गोधडीचा कोपरा दिसला, जाळीच्या पट्ट्यांत अडकलेली बोटं दिसली, तेवढंच. मी पाठमोरी खाली बसले, जाळीवर, आणि माझी पाठ त्यांच्या पाठीला टेकवली. गारठा लोकरीतून, शर्टातून, कातडीतून आत आला. बाहेर पोरं अजून पाण्यात ओरडत होती. मी दात दातावर दाबून बसून राहिले. किती वेळ, ते माहीत नाही.

मग माझ्या पाठीमागे काहीतरी हललं. अगदी थोडं. झोपेतून माणूस कूस बदलतो तसं. आणि श्वास आला, सुताने भरलेला, ओळखीचा.

"कोण? कोरी?"

"हो."

"आज लवकर आलीस."

"हो, डॅडी," मी म्हटलं. "आज लवकर सुटले."